तुम्ही विचारलंत म्हणून : सेवेसाठी काम सोडावंच लागतं का?

रविवारची उपासना आटोपली की मी मागच्या खोलीत अर्पणाच्या पिशव्या मोजायला बसते. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी तेव्हा कुणीतरी दाराशी येऊन उभं राहतं. बहुधा तरुणसंघातलं पोर असतं, कधी त्या पोराची आई. प्रश्न ठरलेला. "मावशी, देवाची सेवा करायची तर नोकरी सोडावीच लागते ना? येशूच्या प्रेषितांनी तर मासेमारीची जाळी टाकून दिली आणि निघाले." पोरं हे आशेने विचारतात, आया धास्तीने. गेल्या महिन्यात पुण्याहून सुट्टीला आलेल्या एका मुलाने विचारलं, तेव्हा माझ्यापुढे दहा-दहाच्या नोटांचा ढीग होता. म्हटलं, एवढं मोजून होऊ दे, मग बोलू. बोलता बोलता दुपारचे तीन वाजले. त्याला सांगितलं ते आणि सांगायचं राहून गेलं ते, दोन्ही इथे लिहिते आहे.

मी पाळक नाही. एका सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅशियर होते, आणि आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हिशेब गेली वीस वर्षं माझ्याकडे आहे. नवा करार लहानपणापासून वाचत आले, आणि निवृत्त झाल्यावर मुद्दाम थोडं ग्रीक शिकले, कारण एक शब्द मला मुळातून पाहायचा होता. तो शब्द पुढे येईल.

आधी जाळ्यांचं. पेत्र आणि अंद्रिया, याकोब आणि योहान यांनी गालील समुद्राच्या काठी जाळी सोडली, हे खरंच आहे आणि ते लहान काम नव्हतं. पण मार्क एक बारीक गोष्ट सांगतो, ती सहसा कुणी वाचून दाखवत नाही. याकोब आणि योहान निघाले तेव्हा बाप जब्दी होडीतच होता, आणि त्याच्याबरोबर मजूर होते. म्हणजे धंदा बुडाला नाही. बापाच्या म्हातारपणाची सोय मागे होती. पेत्राला सासू होती, म्हणजे बायको होती, आणि पुढे तो प्रवासाला बायकोला बरोबर नेत असे, असं प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्रातून कळतं. मग गालीलात फिरणाऱ्या या तेरा माणसांना जेवू कोण घालत होतं? लूक आठव्या अध्यायात नावं देतो: मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि आणखी पुष्कळ बाया. स्वतःजवळचं खर्चून त्या या सगळ्यांची सेवा करत होत्या. 'सेवा करत होत्या' यासाठी लूकने जे क्रियापद वापरलंय, तेच ते, ज्याच्यामागे मी म्हातारपणी लागले. दियाकोनेओ. त्याचं नाम दियाकोनिया.

'प्रेषित' म्हणजे धाडलेला. ग्रीक अपोस्तोलोसचा अर्थही तोच, पाठवलेला माणूस. आपल्या भाषेत हा शब्द इतका नेमका बसलाय की मला दर वेळी त्याचं समाधान वाटतं. पाठवणारा आला, वाट आली, निरोप आला. आणि पाठवलेले फक्त बाराच नव्हते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल पुनरुत्थित ख्रिस्त कुणाकुणाला दिसला ते सांगताना 'बारा जण' वेगळे मोजतो आणि 'सर्व प्रेषित' वेगळे. पौलाचा सोबती बर्णबा यालाही प्रेषित म्हटलंय. रोमकरांस पत्राच्या शेवटी अंद्रोनिक आणि युनिया यांचं नाव प्रेषितांमध्ये नामांकित म्हणून येतं, आणि युनिया हे बाईचं नाव आहे. यावर पुष्कळ वाद झालेत. मला स्वतःला त्यात शंका उरलेली नाही.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझे वडील शिंपी होते. नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावी त्यांचं एका खणाचं दुकान होतं. सदरे-पायजमे शिवत, पण खरी कमाई ताडपत्रीची. खळ्यावर झाकायला, कांद्याच्या ढिगावर टाकायला, लग्नाच्या मंडपाला. जाड कापड मशीनखाली जात नसे, तेव्हा दाभण आणि मेण लावलेली सुतळी घेऊन ते दुकानाच्या पायरीवर बसत. आणि रविवारी सायकल काढून, जिथे पाळक पोचत नसे अशा तीन वस्त्यांवर जाऊन उपासना घेत. सकाळी एक, दुपारी एक, उन्हं उतरल्यावर तिसरी. पगार नव्हता, कुणी देऊ केला असता तर त्यांना काय म्हणावं ते सुचलं नसतं. मी बारा वर्षांची असताना एका वार्षिक मेळाव्यात बाहेरून आलेल्या वक्त्याने व्यासपीठावरून सांगितलं, की एक पाय दुकानात आणि एक पाय देवळात ठेवणारे अर्धवट सेवक मंडळीला जड होतात. प्रेषितांकडे पाहा, त्यांनी सगळं सोडलं. आजूबाजूच्या चार जणांनी वळून वडिलांकडे पाहिलं. वडील काही बोलले नाहीत. घरी आल्यावर कंदील लावून त्यांनी दुसऱ्या दिवशी द्यायची ताडपत्री पुरी केली. दाभण कापडातून निघताना जो फटकन आवाज होतो, तो मी अंथरुणात पडून ऐकत होते.

म्हणून करिंथबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

साधारण इ.स. ५० मध्ये पौल अथेन्सहून करिंथला आला. एकटाच होता. तिथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे यहूदी जोडपं भेटलं. सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवलं, त्यात हे दोघे करिंथला येऊन पडले होते. धंदा एकच निघाला, तंबू शिवण्याचा, म्हणून पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. दीड वर्ष तो त्या शहरात होता. हा काळ आपल्याला इतका नेमका कळतो, कारण तिथला रोमन सुभेदार गल्लियो याचं नाव डेल्फी इथे सापडलेल्या एका शिलालेखात आहे आणि त्यावरून त्याची कारकीर्द ५१-५२ च्या आसपास बसते. पौलाच्या आयुष्यातल्या बाकी सगळ्या तारखा या एका दगडाला टेकून मोजतात.

करिंथ दोन बंदरांचं गाव होतं. पश्चिमेला लेखायन, पूर्वेला किंख्रिया. जहाजं, शिडं, बाजारावर ताणायची छतं, आणि दर दोन वर्षांनी जवळच भरणाऱ्या इस्थमियन खेळांना येणारी माणसं. तंबू शिवणाऱ्याला तिथे कामाची वाण नव्हती. पौल चामड्याचे तंबू शिवत होता की शेळीच्या केसांच्या जाड कापडाचे, यावर विद्वानांचं एकमत नाही. त्याचं गाव तार्स किलिकिया प्रांतातलं, आणि तिथल्या शेळीच्या केसांच्या कापडाला रोमन लोक प्रांतावरूनच 'किलिकियुम' म्हणत. मला चामडं असो की कापड, फरक पडत नाही. शिवण एकच. एक काठ दुसऱ्यावर चढवायचा, म्हणजे पाणी शिवणीतून आत झिरपत नाही, आणि सुतळी दर टाक्याला ओढून घट्ट करायची. हे काम करणाऱ्या माणसाची बोटं कशी होतात हे मी पाहिलंय. गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल म्हणतो, पाहा, किती मोठ्या अक्षरांत मी माझ्या हाताने लिहितो आहे. कुणी म्हणतं त्याचे डोळे अधू होते, कुणी म्हणतं जोर द्यायला मोठी अक्षरं काढली. मला मात्र ते वाक्य वाचलं की वडिलांची सही आठवते.

आणखी एक गोष्ट दुकानात वाढलेल्या माणसालाच लवकर कळते. शिवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, तोंड आणि कान मोकळे असतात. गिऱ्हाईक कापड टाकून लगेच जात नाही. पायरीवर टेकतं, पावसाचं बोलतं, मुलीच्या लग्नाचं बोलतं. वडिलांच्या पायरीवर जितकी सुवार्ता सांगितली गेली, तितकी व्यासपीठावरून मी ऐकली नाही. थेस्सलनीकाकरांना पौल आठवण करून देतो, की तुमच्यापैकी कुणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस काम करत करत आम्ही तुम्हांला सुवार्ता सांगितली. काम आटोपून मग सुवार्ता, असं तो म्हणत नाही. दोन्ही एका दमात चाललेलं दिसतं.

इफिसमधली एक हकीकत तर मला फार जवळची आहे. लोक पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी आजाऱ्यांकडे नेत आणि ते बरे होत, असं प्रेषितांची कृत्ये हे नव्या करारातलं पुस्तक सांगतं. पुष्कळांना वाटतं हे काही खास आशीर्वादित कापड असावं. ग्रीकमधले ते दोन शब्द साधे आहेत: एक घाम पुसायचा रुमाल, दुसरं काम करताना कमरेला बांधायचं फडकं. लोकांनी पौलाच्या कामाच्या जागेवरून त्याच्या घामाची कापडं उचलून नेली. पुढे मिलेत इथे इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेताना त्याने आपले हात दाखवून सांगितलं, की माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या.

हे त्या काळात कुणाला शोभेचं वाटत नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. पौलाच्या शंभर वर्षं आधी रोमन विचारवंत किकेरोने लिहून ठेवलं होतं, की कारागिरांचे सगळे धंदे हलके आणि कारखान्यात स्वतंत्र माणसाला साजेसं काही असू शकत नाही. यहूदी गुरूंचं मत उलट होतं. मुलाला धंदा न शिकवणारा बाप त्याला चोरी शिकवतो, असं थोड्या नंतरच्या काळातले एक रब्बी म्हणत. पण करिंथ ग्रीक-रोमन वळणाचं शहर होतं. तिथल्या मंडळीला आपला गुरू दाभण घेऊन बसतो याची लाज वाटत असे, आणि आपण देऊ केलेले पैसे तो घेत नाही याचा रागही येत असे. दुसऱ्या पत्रात पौल विचारतो, तुम्हांला सुवार्ता फुकट सांगितली हा माझा अपराध झाला काय? त्या शहरांतल्या चालीरीती पाहिल्या की त्याने का घेतले नाहीत ते समजतं. तिथे विद्वान माणूस श्रीमंताच्या घरी आश्रयाला राही, त्याच्या ताटात जेवे आणि त्याच्या मनासारखं बोले. आपल्याकडे म्हणतातच, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. करिंथच्या मंडळीत आधीच तट पडले होते. एका धनवंताची पोळी खाल्ली असती तर दुसऱ्या दिवसापासून पौल त्या तटाचा झाला असता.

मात्र त्याच पौलाने मासेदोनियातून आलेली मदत घेतली. फिलिप्पैच्या मंडळीने, जिथे जांभळं कापड विकणारी लुदिया होती, त्याला थेस्सलनीकात दोनदा पैसे पाठवले होते. त्याचे सोबती सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून करिंथला आल्यावर पौल वचन सांगण्यात पूर्णपणे गुंतला, असं कृत्यांत आहे; दुसऱ्या पत्रात त्या वेळी मासेदोनियातल्या भावांनी त्याची गरज भागवल्याचं आहे. दोन्ही शेजारी ठेवा. पैसे आले तेव्हा त्याने दाभण खाली ठेवलं, संपले तेव्हा उचललं. त्याला ना शिवण्याची लाज होती ना मदत घेण्याची.

माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात. "म्हणजे पाळकांना पगार नकोच, नाही का?" असं आमच्या कमिटीतही एकदा कुणीतरी म्हणालं होतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय पौलाने जवळजवळ सगळाच या हक्कासाठी खर्च केलाय. सैनिक स्वतःच्या खर्चाने लढायला जातो का? द्राक्षमळा लावणारा त्याचं फळ खात नाही का? आणि मग जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली आज्ञा: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं घालू नये. खळं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं, ही प्रभूचीच व्यवस्था आहे, असं तो स्वच्छ म्हणतो, आणि मग म्हणतो की मी आणि बर्णबा मात्र तो हक्क वापरत नाही. हक्क सोडायचा तो ज्याचा त्याने. दुसऱ्याचा हक्क आपण सोडून द्यायचा नसतो. पाळकाची मुलं फी भरायला शेजाऱ्याकडे हात पसरतात आणि मंडळी त्याला पौलाचं उदाहरण सांगते, तेव्हा तिने बैलाला मुसकं घातलेलं असतं.

आता तो शब्द.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमची मंडळी वाढली होती. बर्णबासारख्यांनी जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले होते, त्यातून गरिबांना रोजचं अन्न मिळत होतं. मग कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत वगळलं जातंय, स्थानिक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतंय. पहिल्या मंडळीतलं हे पहिलं मोठं भांडण विश्वासाच्या कलमावरून झालेलं नाही, म्हाताऱ्या बायांच्या भाकरीवरून झालं. बारा जणांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आम्ही वचन सोडून पंगतीत वाढत बसावं हे बरोबर नाही. तुमच्यातून सात माणसं निवडा.

इथवर वाचलं की वाटतं, प्रेषितांनी दोन पायऱ्या केल्या. वर वचन, खाली पंगत. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं, आणि आई महिला मंडळाबरोबर सणाच्या जेवणाला भल्या पहाटे चुलीशी बसायची, ती खालच्या पायरीवर आहे असं वाटून मन खट्टू व्हायचं. ग्रीकमध्ये पाहिलं तेव्हा काही वेळ मी पुस्तक मिटून बसले. पहिल्या ओळीत विधवांची रोजची वाटणी, तिथे शब्द दियाकोनिया. दुसऱ्या ओळीत पंगतीत वाढणं, तिथे त्याचंच क्रियापद. आणि चौथ्या ओळीत प्रेषित म्हणतात आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा करत राहू, तिथेही दियाकोनिया. भाकरीला आणि प्रवचनाला एकच शब्द. यहूदाच्या जागी मत्थियाची चिठ्ठी निघाली, तेव्हा जी जागा भरायची होती तिलाही पहिल्या अध्यायात दियाकोनियाच म्हटलंय. आणि मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आला नाही, करायला आला, या प्रभूच्या स्वतःच्या शब्दांतही तेच क्रियापद आहे. त्याचा रोजच्या वापरातला एक साधा अर्थ ताटाशी उभं राहून वाढणं. मराठीत आपल्याला 'सेवा' हा शब्द लाभला. तो प्रवचनालाही चालतो आणि पंगतीलाही, म्हणून मराठी वाचणाऱ्याला हे लवकर कळायला हवं होतं. आपणच मग त्याच्यामागे 'पूर्णवेळ' लावून त्याचे दोन तुकडे केले.

त्याच अध्यायात 'पंगत' म्हणून आलेला त्रापेझा हा शब्द मेजाचा आहे. सराफाच्या मेजालाही तोच शब्द होता, आणि आजच्या ग्रीसमध्ये बँकेला त्रापेझाच म्हणतात. ३१ वर्षं कॅशच्या खिडकीत बसलेल्या बाईला हे कळल्यावर काय वाटलं असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

निवडलेल्या सात जणांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कोठार दिलं. तक्रार मिटवण्याचा याहून न्याय्य मार्ग मला माहीत नाही. आणि वाढण्यासाठी नेमलेल्या या सातांतला स्तेफन पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव देणारा, झाला, फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली आणि गज्जाच्या रस्त्यावर कूश देशाच्या अधिकाऱ्याच्या रथात बसून त्याला यशया संदेष्ट्याचं वचन उलगडून दाखवलं. पंगतीत वाढणारे बोलू लागले. त्यांना कुणी अडवलं नाही.

पौलाकडे हाच शब्द पैशासाठी येतो. यहूदियातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने गलतिया, मासेदोनिया आणि अखया इथून वर्गणी जमवली, त्या कामाला तो दियाकोनिया म्हणतो. यरुशलेममध्ये प्रभूचा भाऊ याकोब, पेत्र आणि योहान यांनी त्याच्याशी हातमिळवणी केली तेव्हा एवढंच मागितलं होतं, की गरिबांची आठवण ठेवा. वर्गणीची रीत त्याने करिंथला लिहून कळवली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे घरीच बाजूला ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. तुम्हांला जी माणसं पसंत असतील त्यांच्याच हाती पत्र देऊन ती रक्कम पाठवीन. दुसऱ्या पत्रात तो आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ पाठवतो, त्यातला एक मंडळ्यांनी निवडलेला, आणि कारणही सांगतो: एवढी मोठी रक्कम आम्ही हाताळतो आहोत, तिच्याबाबत कुणी बोट दाखवू नये, देवासमोर तर चोख असावंच, माणसांसमोरही असावं. हिशेबाच्या पहिल्या वहीत पहिल्या पानावर मी हे वचन लिहिलं होतं. मंडळ्यांच्या या निवडलेल्या माणसांना तो त्याच जागी 'मंडळ्यांचे अपोस्तोलोस' म्हणतो. पैशाची थैली नेणाऱ्यांना प्रेषिताचाच शब्द.

यरुशलेमकडे निघताना त्याच्याबरोबर सात जणांची नावं येतात: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आशियाचे तुखिक आणि त्रफिम. एवढी माणसं का, ते कृत्यांत सांगितलेलं नाही. पत्रं शेजारी ठेवली की उमगतं. हा रोख पैसा होता, नाण्यांचा, वजनदार, आणि रस्त्यात चोर होते. नद्यांची संकटं, लुटारूंची संकटं, तीनदा जहाज फुटणं, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात काढणं, ही यादी पौलानेच दिली आहे. निघण्यापूर्वी त्याने रोमकरांना कळकळीने लिहिलं, की माझ्यासाठी प्रार्थना करा, यहूदियात माझा जीव वाचावा आणि ही माझी सेवा तिथल्या पवित्र जनांना मान्य व्हावी. पैसे घेऊन जाणारा माणूस, आणि ते स्वीकारले जातील की नाही याची त्याला धाकधूक! परजातीयांचा, म्हणजे यहूदी नसलेल्यांचा, पैसा होता ना. तो घेतला तर देणाऱ्यांना भाऊ म्हणावं लागणार होतं.

ते पैसे पोचवायला गेला आणि मंदिरात धरला गेला. इफिसच्या त्रफिमाला त्याने आत नेलं, असा लोकांचा समज झाला. तिथून जी कैद सुरू झाली ती कैसरिया आणि समुद्रावरून रोमपर्यंत गेली. रोममध्ये दोन वर्षं तो स्वतः भाड्याने घेतलेल्या घरात राहिला आणि येईल त्याला भेटत, बोलत राहिला. रोमला त्याचं पत्र बहुधा किंख्रियाच्या फीबीने नेलं होतं. तिलाही तो त्या मंडळीची दियाकोनोस, म्हणजे सेवा करणारी, म्हणतो.

आपल्याकडे बारा जणांतल्या थोमाची गोष्ट आवडीने सांगतात, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. तिसऱ्या शतकातल्या सुरियानी भाषेतल्या कथेत थोमा सुतार-गवंडी म्हणून हिंदुस्थानात येतो, गुंदफर राजा त्याला महाल बांधायला पैसे देतो, आणि थोमा ते गरिबांना वाटून टाकतो. गुंदफर खरा होता, त्याची नाणी सापडली आहेत. कथा सुंदर आहे, पण हिशेब ठेवणारी म्हणून मला ती खटकते. ज्या कामासाठी पैसा दिला, त्याच कामी तो लागला पाहिजे. पौलाने असं केलं नसतं.

पहिल्या पिढीनंतर मंडळ्यांना फिरत्या प्रेषितांचा त्रासही झाला. 'बारा प्रेषितांची शिकवण' हे छोटं पुस्तक पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेलं. शतकानुशतकं हरवलं होतं. १८७३ मध्ये इस्तंबूलला १०५६ सालच्या एका हस्तलिखितात सापडलं. त्यात नियम आहेत. प्रेषित आला तर प्रभूसारखं त्याचं स्वागत करा. एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दुसरा. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. कारागीर येऊन राहायचं म्हणाला तर त्याने काम करावं आणि खावं. आमच्या मंडळीतही एकदा एक वक्ता येऊन आठ दिवस राहिला आणि जाताना घरोघर स्वतःसाठी पाकिटं गोळा करून गेला. एका विधवेने गॅस सिलिंडरसाठी ठेवलेले पैसे दिले. मला चार दिवसांनी कळलं. तेव्हा हे पुस्तक माझ्या वाचनात आलं नव्हतं, आणि खजिनदार असून मी कुणालाच सावध केलं नव्हतं. ते अजून सलतं.

तर पुण्याच्या त्या मुलाला मी काय सांगितलं? नोकरी सोड असं सांगितलं नाही, सोडू नको असंही नाही. पाचारण असेल तर पेत्रासारखं उठून जावं लागेल, आणि मग त्याचं पोट भरणं हे आमचं काम. मी स्वतः कमिटीपुढे उभी राहीन. पण आज, आत्ता, सोमवारी कामावर जाण्यापूर्वी सेवा करायची असेल तर? मी विचारलं, तुझ्या पुण्याच्या मंडळीत विधवा किती आहेत? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशा विधवांची यादी ठेवायला सांगितली आहे, साठीच्या पुढच्यांची. तुमच्याकडे ती कुणाजवळ असते?

त्याला माहीत नव्हतं. त्याने पाळकांना विचारलं, त्यांच्याकडेही लिहिलेली नव्हती. आता तो दर शनिवारी मोटारसायकल घेऊन फिरतो आणि रात्री मला फोन करतो. परवापर्यंत अकरा नावं झाली होती. त्यातल्या दोघींना कानडीशिवाय दुसरी भाषा येत नाही, आणि गेली सहा वर्षं त्या उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर बसतात.